पुढे पाठवण्याआधी: आलेल्या माहितीची शहानिशा कशी करायची

मोबाइलवर आलेला मजकूर खरा की खोटा हे ठरवताना बहुतेक जण एकच गोष्ट करतात, तोच मजकूर पुन्हा नीट वाचतात. भाषा कशी आहे, फोटो खरा वाटतो का, पाठवणारा भरवशाचा आहे का, एवढं बघतात आणि मनाशी काहीतरी ठरवून टाकतात. गफलत इथेच होते. खोटं रचणाऱ्याने आपली सगळी मेहनत त्या मजकुरावरच घेतलेली असते. त्याच्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्याने जे दाखवायचं ठरवलंय तेच दिसणार.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५ जणांना काही वेबसाइट तपासायला दिल्या होत्या. त्यात १० इतिहासकार होते, सगळे पीएचडी झालेले. २५ विद्यार्थी होते आणि १० जण फॅक्ट-चेकिंगचं, म्हणजे दावे खरे की खोटे हे तपासण्याचं, काम करणारे होते. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कागदपत्रं तपासण्यात हयात घालवलेले इतिहासकारसुद्धा नेटका लोगो आणि संस्थेचं भारदस्त नाव बघून चकले, कारण ते आणि विद्यार्थी साइट वरपासून खालपर्यंत वाचत बसले. फॅक्ट-चेकर मात्र काही क्षणांतच त्या साइटवरून बाहेर पडले. त्यांनी नव्या टॅब उघडल्या, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं, आणि मग गरज वाटली तरच मूळ पानावर परतले. त्यांना वेळ कमी लागला आणि त्यांची उत्तरंही जास्त बरोबर आली.

खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एकाच सवयीतून निघतं: मजकूर सोडायचा आणि बाहेर जाऊन चौकशी करायची. फोटो, व्हिडिओ, आकडा, आवाज, वेबसाइट, प्रत्येकासाठी बाहेर जायचा रस्ता तेवढा वेगळा.

## सगळंच तपासायला जाऊ नका

दिवसभरात डोळ्यांखालून जाणारा प्रत्येक मजकूर तपासायचा म्हटला तर दोन दिवसांत कंटाळा येईल आणि मग काहीच तपासलं जाणार नाही. म्हणून आधी चाळण लावा. तपासायचं फक्त दोनच वेळा. एक, तुम्ही ते पुढे पाठवणार असाल तर. दोन, त्यावरून तुम्ही काही करणार असाल तर, म्हणजे पैसे भरणार, औषध घेणार किंवा बंद करणार, मत देणार, प्रवास रद्द करणार, कुणाशी संबंध तोडणार. या दोन्हींत बसत नसेल तर वाचा आणि सोडून द्या. मनात मात्र त्यावर ‘ऐकीव’ असा शिक्का मारून ठेवा, ‘माहीत आहे’ असा नको.

हा शिक्का महत्त्वाचा आहे, कारण वारंवार कानावर पडलेली गोष्ट खरी वाटू लागते. १९७७ साली तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवलं आणि नंतर ते पुन्हा पुन्हा दिसून आलं. आपण एखाद्या खोट्या पोस्टची टर उडवायला तिचा स्क्रीनशॉट टाकतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात ती आणखी एकदा रुजते. हसायलासुद्धा ती पुढे पाठवू नये.

चाळणीचं दुसरं माप म्हणजे स्वतःची प्रतिक्रिया. वाचता वाचता संताप आला, भीती वाटली, किळस आली किंवा ‘मी म्हणतच होतो’ असं वाटलं, की तिथे थांबायचं. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्या अभ्यासणारा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या साधारण सहापट वेळ लागत होता. खोट्या बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस जास्त होती. आणि त्या जास्त पसरण्यामागे आपोआप पोस्ट करणारी यंत्रं नव्हती, प्रामुख्याने माणसंच होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक खूण आयती मिळते. मेसेजवर दोन बाण दिसत असतील तर तो मूळ माणसापासून पाच किंवा जास्त हातांतून फिरून तुमच्याकडे आलाय. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटं असं नव्हे. पण पाठवणाऱ्या काकांचा किंवा मैत्रिणीचा त्या मजकुराशी काही संबंध नाही, एवढं त्यावरून पक्कं समजा. ‘त्यांनी पाठवलंय म्हणजे खरंच असेल’ हा विचार तिथे लागू होत नाही. बाण नसणंही पुरावा नाही, मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण जातात.

## फोटो

फोटोच्या बाबतीत सगळ्यात जास्त आढळणारी लबाडी सगळ्यात सोपी असते. फोटो खरा, ओळ खोटी. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवायचा, एका देशातला दुसऱ्या देशातला म्हणून सांगायचा. यात फोटोशॉप लागत नाही, म्हणून फोटो मोठा करून कडा तपासण्यात अर्थही नसतो. तो फोटो याआधी कुठे छापला गेलाय, हे शोधायचं.

कृती अशी. फोटो गॅलरीत सेव्ह करा. गूगल अ‍ॅपच्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर टॅप करून तो निवडा. तिथे उघडणारं गूगलचं लेन्स हे चित्रं शोधायचं साधन आधी ‘यासारखी दिसणारी’ चित्रं दाखवतं, ती आपल्या कामाची नाहीत. हुबेहूब जुळणारी चित्रं दाखवणारा पर्याय निवडा. मग टिनआय या साइटवर तोच फोटो चढवा आणि निकाल ‘सगळ्यात जुना आधी’ या क्रमाने लावा. हा क्रम फार उपयोगी पडतो, कारण व्हायरल फोटोच्या कालपरवाच्या शेकडो प्रती सापडतात आणि त्या गर्दीत मूळ फोटो गाडला जातो. चेहरा किंवा इमारत ओळखायची असेल तर रशियाचं यांडेक्स हे सर्च इंजिन अनेकदा जास्त चांगला शोध लावतं.

एक उदाहरण जवळून बघू. पुराच्या पाण्यात बुडालेला महामार्ग, मोटारीच्या खिडकीतून काढलेला फोटो, आणि शेजारून पोहत जाणारा शार्क. कुठेही मोठं वादळ आलं की हा फोटो उगवतो. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी तो प्युर्टो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वीच्या वेळी ह्यूस्टनचा म्हणून. पाण्याचे तरंग, प्रतिबिंब, शार्कचा आकार यावर कितीही वाद घालता येईल. टिनआयवर जुन्यापासून लावलं की वाद उरतच नाही. ह्यूस्टनचा म्हणून सांगितलेला फोटो सहा वर्षं आधी प्युर्टो रिकोच्या नावाने दिसतो, आणि एकच फोटो दोन ठिकाणचा असू शकत नाही. दावा इथेच पडला. हवं असेल तर पुढचं पाऊल टाका: फोटोतला शार्क तेवढा कापून, फक्त तेवढ्या भागाचा शोध घ्या. छायाचित्रकार थॉमस पेश्चाक यांनी दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात काढलेला, कयाक या छोट्या होडीमागून येणाऱ्या शार्कचा फोटो सापडतो. तो २००५ साली प्रसिद्ध झाला होता. शार्क तिथून उचलून रस्त्यावर आणलेला आहे.

शोध फसतो तो ठराविक कारणांनी. फोटोवर मोठी अक्षरं लिहिलेली असतील तर यंत्र अक्षरांमागे जातं, तेव्हा अक्षरं वगळून कापा. फोटो आरशासारखा उलटा केलेला असेल तर काहीच सापडत नाही, तेव्हा गॅलरीच्या एडिटरमध्ये तो आडवा पलटवून पुन्हा शोधा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर ही शंका घ्यायचीच. आणि काहीच सापडलं नाही याचा अर्थ ‘फोटो खरा’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की या रस्त्याने कळलं नाही.

फोटोत दडलेली तारीख आणि ठिकाणाची माहिती शोधायला बरेच जण जातात आणि रिकाम्या हाताने परततात. व्हॉट्सअ‍ॅप आणि बहुतेक समाजमाध्यमं फोटो पाठवताना ती माहिती काढून टाकतात. फोटो काढणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग ती माहिती सहसा टिकते.

## व्हिडिओ

व्हिडिओचा थेट शोध घेण्याचं सोपं साधन नाही, म्हणून त्याचे फोटो करायचे. तीनचार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. कुठे थांबायचं हे नीट निवडा: दुकानाची पाटी, वेगळी दिसणारी इमारत, वाहनाची नंबरप्लेट, गणवेश, चेहरा स्पष्ट दिसतो ती चौकट. हलणारी, धूसर चौकट वाया जाते. संगणकावर काम करत असाल तर ब्राउझरमध्ये इनव्हिड-वीव्हेरिफाय हे मोफत प्लगइन टाका. लिंक दिली की ते महत्त्वाच्या चौकटी आपोआप वेगळ्या काढून देतं.

मग एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. आवाज बदलून लावणं चित्र बदलण्यापेक्षा फार सोपं असतं. ओठ आणि शब्द जुळतात का, गर्दीच्या घोषणा आणि गर्दीच्या हालचाली यांचा मेळ बसतो का, हे असं वेगवेगळं केल्यावरच लक्षात येतं.

ठिकाण ताडायचं तर वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने जातात, पाट्यांची लिपी कोणती, झाडं हिरवी की वाळलेली, लोकांच्या अंगावर कपडे कुठल्या ऋतूचे, हे टिपून घ्या. गूगल मॅप्समध्ये सांगितलेल्या जागेचा स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून दिसणारं दृश्य, उघडून दोन पक्क्या वस्तू जुळवा. एक वस्तू योगायोगाने जुळू शकते. सावल्यांवरून वेळही काढता येते: सनकॅल्क या साइटवर जागा आणि तारीख दिली की त्या दिवशी कुठल्या वेळी सूर्य कुठे होता ते दिसतं. दुपारी बाराची म्हणून सांगितलेली घटना आणि रस्त्याच्या रुंदीएवढ्या लांब सावल्या, हे बहुतेक ठिकाणी जुळणार नाही.

युद्ध सुरू झालं की व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरतात. ‘आर्मा ३’ या गेमची दृश्यं इतकी फिरली की तो बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ मध्ये ती कशी ओळखायची हे जाहीरपणे सांगावं लागलं. अशा व्हिडिओत बहुधा रात्र असते, चित्र मुद्दाम धूसर आणि हलतं ठेवलेलं असतं, आणि जवळून हालचाल करणारी माणसं क्वचितच दिसतात, कारण माणसाची नैसर्गिक हालचाल गेमला नीट जमत नाही.

## एआयने बनवलेलं

सहा बोटं, वितळलेले कान, वाकडी अक्षरं या खुणांवर विसंबू नका. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला बनावट फोटो आला तेव्हा हाताकडे नीट बघितलं तर चूक सापडत होती. तेव्हापासून ही यंत्रं फार सुधारली आहेत. आज खुणा शोधत बसणाऱ्याला बहुतेक वेळा खुणाच सापडणार नाहीत आणि तो खोट्याला खरं म्हणून बसेल.

त्याऐवजी हा प्रश्न विचारा: हे खरंच घडलं असतं तर आणखी कुणाकुणाला दिसलं असतं? २२ मे २०२३ रोजी पेंटॅगॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचा फोटो फिरला. निळी टिक असलेल्या खात्यांनी तो पसरवला आणि शेअर बाजार काही मिनिटं घसरला. इतक्या गजबजलेल्या ठिकाणी स्फोट झाला असता तर वेगवेगळ्या कोनांतून डझनावारी व्हिडिओ आले असते. इथे एकच फोटो होता, एकाच कोनातला. तिथल्या अग्निशमन दलाने थोड्याच वेळात असं काही घडलेलं नाही असं सांगितलं. मोठी घटना आणि एकुलता एक फोटो, असं दिसलं की हात आखडता घ्या.

‘हे एआयने बनवलंय का’ ते टक्क्यांत सांगणाऱ्या साइट आहेत. त्यांच्या निकालावर निर्णय घेऊ नका. फोटो चारदा फॉरवर्ड होऊन दाबला गेला की त्यांचा अंदाज ढासळतो, आणि त्या खऱ्यालाही बनावट ठरवतात. अडचणीत आलेला माणूस आपल्या खऱ्या व्हिडिओलाही ‘एआयचा आहे’ म्हणून झटकून टाकतो, ही याचीच दुसरी बाजू.

आवाज आणि व्हिडिओ कॉलच्या बाबतीत तर ऐकून ओळखायचा प्रयत्नच सोडून द्या. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी आवाजाची नक्कल होते. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे ते सगळे चेहरे बनावट होते. घरच्या माणसाच्या आवाजात ‘अडकलोय, लगेच पैसे पाठव, कुणाला सांगू नकोस’ असा फोन आला तर फोन ठेवा आणि त्या माणसाचा तुमच्याकडे आधीपासून असलेला नंबर स्वतः लावा. आलेल्या नंबरवर उलट फोन करायचा नाही. घरात एक परवलीचा शब्द आजच ठरवून ठेवा: वाढदिवस नको, पाळीव प्राण्याचं नाव नको, कुठेही पोस्ट झालेलं काही नको. तो मेसेजमध्ये लिहून पाठवू नका, समोरासमोर सांगा. वयस्कर माणसांना हा शब्द सांगताना हेही स्पष्ट सांगा, की असा संशयाचा फोन त्यांनी मध्येच ठेवून दिला तर कुणी रागावणार नाही. संकोचापायीच बरेच जण फोन ठेवत नाहीत.

चॅटबॉटकडून मिळालेल्या उत्तराला वेगळी शिस्त लागते. तो अस्तित्वात नसलेले संदर्भ ठामपणे देऊ शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते, आणि त्यापायी ५,००० डॉलरचा दंड झाला. चॅटबॉटला स्रोत विचारा, लिंक उघडा, आणि त्या पानावर तेच विधान शब्दशः किंवा त्याच अर्थाने सापडतं का ते बघा. लिंक खरी आणि विधान मात्र तिथे नाहीच, असंही वारंवार होतं. ‘तुला खात्री आहे का?’ असं त्यालाच विचारणं म्हणजे पुन्हा मजकुराकडेच टक लावणं.

## वेबसाइट, खातं आणि स्क्रीनशॉट

साइटचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. खरा मालक त्या रेघेला लागून असलेल्या भागात असतो. सुरुवातीला ओळखीचं नाव घालणं कुणालाही जमतं. २०१६ मध्ये एबीसी न्यूज या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या नावाने चालणाऱ्या एका बनावट साइटचा पत्ता ‘डॉट कॉम’वर न थांबता पुढे ‘डॉट सीओ’वर संपत होता. घाईत वाचणाऱ्याचे डोळे ‘डॉट कॉम’वरच थांबायचे. लॅटिन अक्षराच्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं रशियन लिपीतलं अक्षर घालण्याची युक्तीही आहे, ती डोळ्यांनी पकडता येत नाही. म्हणून बँक किंवा सरकारी कामाच्या साइटवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

साइटच्या ‘आमच्याविषयी’ पानावर साइटवाल्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं असतं. त्यांच्याबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते हवं असेल तर संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि त्यांची स्वतःची पानं वगळून बघा.

निळ्या टिकचा अर्थ बदललाय. एप्रिल २०२३ पासून एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ती पैसे भरून मिळते, ती ओळखीचा दाखला राहिलेली नाही. खातं केव्हा सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, जुन्या पोस्ट कशाबद्दल होत्या हे जास्त बोलकं असतं. आधी तीन वर्षं मोबाइलच्या स्कीमबद्दल लिहिणारं खातं अचानक युद्धाचं तज्ज्ञ झालं असेल तर ते विकत घेतलेलं असू शकतं.

स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नका, मग तो पोस्टचा असो, बातमीचा असो की सरकारी पत्रकाचा. कुठल्याही पानावरची अक्षरं ब्राउझरमध्येच मिनिटभरात बदलून स्क्रीनशॉट काढता येतो. त्यातलं एखादं वेगळं, नेमकं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. मूळ खात्यावर जाऊन ती पोस्ट बघा. ‘डिलीट केली’ असं कुणी म्हणालं तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशिन उघडा. १९९६ पासूनच्या पानांच्या प्रती तिथे साठवलेल्या आहेत. सगळं सापडत नाही, पण मोठ्या संस्थांची पानं बहुधा असतात. तुम्हाला स्वतःला महत्त्वाचं काही दिसलं आणि ते काढून टाकलं जाईल अशी शंका आली, तर तिथेच त्याची प्रत जतन करून ठेवता येते.

थोरांच्या नावावर खपवलेली वाक्यं याच पद्धतीने तपासा: कुठल्या भाषणात, कुठल्या पत्रात, कुठल्या साली? मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षं जगेल, हे आइनस्टाइनच्या नावावर फिरतं. ते १९५५ मध्ये वारले, आणि त्यांनी असं कुठे लिहिल्याचा किंवा म्हटल्याचा दाखला मिळत नाही. नाव, फोटो आणि सुंदर अक्षर आहे पण स्थळ आणि साल नाही, अशा वाक्याला बिनबुडाचं समजा.

## आकडे आणि आरोग्य

इथे जरा थांबून वाचा, कारण इथलं नुकसान थेट शरीराला होतं, आणि इथे बऱ्याचदा आकडा खरा असूनही माणूस फसतो.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा खरा होता. पण दुप्पट म्हणजे किती? दर ७,००० स्त्रियांमागे आधी १ जणीला त्रास होत होता, नव्या गोळ्यांनी २ जणींना. ७,००० मागे एक जण वाढली. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० नी वाढल्याचा अंदाज आहे. कुणी खोटं बोललेलं नव्हतं, फक्त ‘किती जणांमागे’ हे सांगायचं राहिलं होतं.

म्हणून आरोग्याचा टक्का दिसला की कागदावर दोन ओळी लिहा: आधी किती जणांमागे किती, आता किती जणांमागे किती. दोन्ही ओळी भरता आल्या नाहीत तर त्या बातमीवरून औषधात काहीही बदल करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. त्याचबरोबर प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर, आणि तुलनेला दुसरा गट होता का, हेही बघा.

‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असं म्हटलं असेल तर तो निबंध अजून उभा आहे का ते तपासा. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात अवघी १२ मुलं होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. निबंधाचा हवाला आजही दिला जातो, मागे घेतल्याचं मात्र सांगितलं जात नाही. पबमेड या वैद्यकीय निबंध शोधायच्या साइटवर निबंधाचं नाव टाका. मागे घेतलेला असेल तर पानाच्या वरच तसं ठळक लिहिलेलं असतं.

आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते आधी बघा. ९० पासून सुरू केला तर ९२ आणि ९४ यांतला फरक डोंगराएवढा दिसतो.

## फॅक्ट-चेक वाचताना

तपासायच्या दाव्यातले दोनतीन नेमके शब्द आणि ‘फॅक्ट चेक’ एवढं टाकून शोधलं तर निम्मं काम वाचतं, कारण बहुतेक खोट्या गोष्टी जुन्याच असतात. पोइंटर इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय फॅक्ट-चेकिंग नेटवर्कची आचारसंहिता पाळणाऱ्या संस्थांची यादी उपलब्ध आहे, तिथून सुरुवात करा. पण नुसता ‘खोटं’ हा शिक्का बघून परत येऊ नका. नेमकं कुठलं वाक्य तपासलंय ते वाचा. तुमच्याकडे आलेला दावा थोडा वेगळा असू शकतो, आणि ‘खोटं’ व ‘अर्धवट संदर्भ’ यांत मोठा फरक आहे. फॅक्ट-चेकरनेही पुरावे दाखवलेले असले पाहिजेत, त्या लिंका उघडून बघता आल्या पाहिजेत.

ताज्या घटनेत पहिले काही तास फॅक्ट-चेकही नसतो. अशा वेळी मृतांचा आकडा, हल्लेखोराचं नाव, त्याचा धर्म किंवा देश, यातलं काहीही पुढे पाठवू नका. पहिल्या तासांत हेच सगळ्यात जास्त चुकतं, आणि चुकीच्या माणसाचं नाव एकदा पसरलं की त्याच्या घराच्या दारापर्यंत लोक पोचतात.

## दुसऱ्याला सांगताना

ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘काका, हे खोटं आहे’ असं लिहिलं की काका वाद घालतात, कारण आता प्रश्न माहितीचा न राहता मानाचा झालेला असतो. वेगळा मेसेज करा. आधी खरं काय ते सांगा, मग चूक कुठे झाली, मग पुन्हा खरं. लिंक एकच द्या. उदाहरणार्थ:

‘काका, तुम्ही पाठवलेला पुराचा व्हिडिओ पाहिला. हा २०१९ चा आहे, दुसऱ्या देशातला. त्याच वेळच्या बातमीची ही लिंक. कालच्या तारखेने कुणीतरी फिरवलाय, मलाही आधी खराच वाटला. आपल्या भागातला रस्ता सुरू आहे, मी आत्ताच प्रशासनाच्या पानावर बघितलं. ग्रुपवर तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल, तुमचं सगळे ऐकतात.’

यात त्यांची भीती खोटी ठरवलेली नाही, रस्ता सुरू आहे ही त्यांना हवी असलेली माहिती दिली आहे, आणि चूक सुधारायचा मान त्यांच्याकडेच ठेवला आहे. नुसतं ‘खोटं’ म्हणून जागा रिकामी सोडली तर ती जागा जुनी गोष्टच पुन्हा भरून काढते. चूक दाखवली की माणूस हट्टाने आणखी घट्ट धरून बसतो, असं पूर्वी फार बोललं जायचं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हे क्वचितच दिसलं. बोलून फायदा होतो, एकदा बोलून भागत नाही इतकंच.

आणि चुकीचा मजकूर तुमच्याकडूनच गेला असेल तर फक्त डिलीट करून गप्प बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण तोपर्यंत लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं तिथे आधी दुरुस्ती लिहा, ‘मी काल अमुक पाठवलं होतं, ते चुकीचं निघालं, बरोबर असं आहे, कुणी पुढे पाठवलं असेल तर त्यांनाही कळवा’. हे चारपाच जणांनी वाचल्याचं दिसलं की मग मूळ मेसेज डिलीट करा. आधी डिलीट केलं तर दुरुस्ती कशाची आहे हेच कुणाला कळत नाही.